बावन्न किलोच्या माणसानं काय कमी करावं?

माझं वजन बावन्न किलो, उंची पाच फूट सात इंच. रक्ततपासणीत एचबीएवनसी ६.१ निघालं, म्हणजे ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात मी मधोमध उभा. अजून मधुमेही नाही आणि निरोगीही नाही. त्यावर इलाज म्हणून मला एक छापील कागद मिळाला. त्यातलं पहिलं कलम असं की वजन सात टक्क्यांनी कमी करा. बावन्नचे सात टक्के म्हणजे साडेतीन किलोच्या वर. एवढं उतरवलं की मी अठ्ठेचाळीस किलोंचा होतो. माझा बीएमआय आजच १८ आहे, कमी वजनाची रेषा १८.५ वर आहे, आणि हा कागद मला सतराच्याही खाली न्यायला निघाला आहे. कागद देणाऱ्यानं मान वर करून पाहिलं असतं तर समोर काय बसलंय ते दिसलं असतं. पण त्या एकट्यावर कशाला चिडायचं? हाच मजकूर मी मोर्शीत पाहिला, परतवाड्यात पाहिला, अकोल्यात पाहिला. माझं भांडण मजकुराशी आहे.

पुढची कलमं ऐका. तेल-तूप बंद. शेंगदाणे बंद. केळी, आंबा, चिकू, द्राक्षं बंद आणि, संत्र्याच्या बागांतल्या वरूडच्या माणसाला हे सांगताना जीभ कशी वळते कोण जाणे, संत्रंही बंद. मग चालतं काय? काकडी, कोबी, पातळ ताक, दोन पोळ्या, मुरमुरे आणि मारी बिस्किट. मैदा-साखरेचं बिस्किट साखरवाल्याला चालतं आणि आपल्या वावरातला शेंगदाणा चालत नाही, हे ज्यानं लिहिलं त्यानं दोन्हींपैकी एकाचंही पाकीट उलटून मागचा तक्ता वाचलेला नाही.

हे सात टक्के आले कुठून? अमेरिकेतून. २००२ साली तिथल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. तीन हजारांवर माणसं, सात टक्के वजन घटवायचं, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. काम उत्तमच होतं. पण त्या माणसांचा सरासरी बीएमआय ३४ होता. अभ्यासात प्रवेश मिळायलाच बीएमआय किमान २४ लागायचा, आशियाई वंशाच्या लोकांना सवलत देऊन २२. म्हणजे मी अर्ज घेऊन गेलो असतो तर मला दारातूनच परत पाठवलं असतं. ज्या अभ्यासानं मला आत घेतलं नसतं, त्याचं औषध माझ्या घशात ओतलं जातंय. मेटफॉर्मिनचंही तेच. त्याच अभ्यासात या गोळीचा गुण सगळ्यात जास्त दिसला तो बीएमआय ३५ च्या वरच्यांत. या गोळीनं भूक मंदावते, वजन थोडं उतरतं. लठ्ठ माणसाला तो फायदाच आहे. पण ज्याला मुळात दोन घास जास्त जावेत अशी गरज आहे, त्याला ती देताना डॉक्टरानं एकदा तरी वजनकाट्याकडे पाहावं की नाही? (कुणी चालू गोळी माझ्या भरवशावर बंद करू नये. डॉक्टरलाच जाऊन हा प्रश्न विचारावा.)

आणि आपल्याकडे अभ्यास झालाच नाही असंही नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर केलेल्या अभ्यासाचे निकाल २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार आणि हालचाल बदललेल्यांत हा आकडा ३९ वर आला. त्यातली खरी गोष्ट पुढेच आहे. या लोकांचं वजन कमी झालं नव्हतं. वजन जागच्या जागी राहून धोका चौथाईहून अधिक घटला. वीस वर्षं होत आली तरी ही बातमी आमच्या छापील कागदापर्यंत पोचायची आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक तर हे आणखी आधीपासून सांगत आहेत. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला होता. त्यात याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापात तोलत होता आणि दोघांच्याही बाबतीत चुकत होता. याच याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांच्या गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली बाळं स्नायू आणि पोटातले अवयव यांत कमी पडली होती; चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. हातपाय काडीसारखे आणि आत चरबी, हा आपला बांधा आईच्या पोटातून येतो. त्याच गावांत पुढे असंही दिसलं की ज्या आयांना बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण होती. तेव्हा कोणी मला "तुम्ही तर बारीक आहात, तुम्हाला कशी शुगर?" असं हसून विचारलं की मला त्याच्या अज्ञानाचं हसू येत नाही, संताप येतो. तीस वर्षांचं पुण्यातलं काम आहे ते. परदेशातून मागवायचंही कारण नव्हतं.

कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाचंही असंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली त्याला वेगळा प्रकार मानला, १९९९ साली पुरावा पुरेसा नाही म्हणून यादीतून काढला आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं 'टाइप ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. तज्ज्ञांचा त्यावर अजून वाद चालू आहे, चालू द्या. मी त्या प्रकारातला नाही. पण चौदा वर्षं नाव देऊन, पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं नाव काढून घेतल्यानं उपाशी माणसाच्या रक्तातली साखर कुठे गेली नव्हती.

एक गोष्ट आधी उरकून घेतो. वजन आपोआप उतरत असेल तर आहाराच्या गप्पा नंतर. आधी क्षय, थायरॉइड आणि स्वादुपिंड तपासून घ्या. मधुमेहात क्षयाचा धोका दुपटी-तिपटीनं वाढतो. आणि एचबीएवनसी हा आकडाही देववाणी नाही. तो लाल पेशींवर मोजतात. लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असेल तर तो खोटा जास्त दिसू शकतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात म्हणून खोटा कमी दिसू शकतो. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल असलेल्या विदर्भात हिमोग्लोबिन न पाहता एकट्या एचबीएवनसीवर माणसाचं ताट ठरवणं हा कामचुकारपणा आहे. उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर, एवढं तरी करा.

आता दुसरी बाजू. दवाखाना मला आटवायला निघालाय आणि गाव मला फुगवायला. रस्त्यात कोणी मावशी भेटली की सुरुवात ठरलेली. "काऊन रे बाप्पा, कसा वायून गेला! दूध-केयं खात जाय, भात दाबून खाय, तुपात साखर घालून पोयी खाय." मावशीच्या मायेबद्दल शंका नाही, पण तिच्या यादीतली निम्मी साखर माझ्या रक्तात आधीच फिरतेय. तिच्याहून धोक्याचा आहे तो व्यायामशाळेजवळचा डबेवाला. 'मास गेनर' नावाचा तीन किलोचा डबा, वर फुगलेल्या दंडाचं चित्र, आत मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिन. ती स्टार्च तोडून बनवलेली पूड असते आणि ग्लुकोजइतक्याच झपाट्यानं रक्तात उतरते. माझ्यासारख्यानं ती घ्यायची म्हणजे पैसे मोजून मधुमेह विकत घ्यायचा. "भाऊ, पंधरा दिवसांत फरक दिसते," असं डबेवाला म्हणतो. दिसेल की, लघवीच्या तपासणीत दिसेल.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी आहाराचे दोन पंथ उभे राहिले होते, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आणि ऋजुता दिवेकरांचा. घराघरात भांडणं लागली होती. एकाच डायनिंग टेबलावर नवरा दोन वेळा खाणारा आणि बायको दोन-दोन तासांनी खाणारी. दीक्षितांचं मूळ आमच्याच बाजूचं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं ते सांगणं. जिचकार काटोलचे आमदार होते, आमच्या शेजारचा भाग. दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा, पंचेचाळीस मिनिटं चाला. पोट सुटलेल्या बाबूंना त्याचा फायदा झाला असेल, मी नाकारत नाही. पण पंचावन्न मिनिटांच्या दोन बैठकांत बावीसशे कॅलरी माझ्या पोटात कशा बसवायच्या? माझं पोट एका भाकरीनंतर हात वर करतं. दिवेकरबाईंनी तूप-शेंगदाण्यावरचा कलंक पुसला, त्याबद्दल त्यांना रामराम. तरी दोन्ही पंथांचा बाजार चालतो तो पोटाचा घेर कमी करण्यावर. वजन वाढवायचंय आणि साखर आवरायचीय अशा माणसासाठी कोणाचं व्याख्यान नाही, कारण तो माणूस सभागृहाचं तिकीट काढत नाही. तो बांधावर, बागेत, तोडणीला असतो.

मग मी काय खातो ते सांगतो, कारण नुसतं भांडून वजन वाढत नाही. मला दिवसाला चारशे कॅलरी जास्त हव्यात आणि त्या भात-साखर-बटाट्यातून नकोत. पन्नास ग्रॅम शेंगदाणे म्हणजे जवळपास २८० कॅलरी, बारा ग्रॅमवर प्रथिनं आणि कर्बोदकं जेमतेम आठ ग्रॅम. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२०. झाले चारशे! कुठला डबा लागला नाही. ज्या तर्रीला वैद्यकशास्त्रानं फाशी सुनावली, ती वांग्याच्या भाजीवरची दोन बोटं तर्री माझ्यासारख्याला बिनदिक्कत चालते. (ज्यांचं कोलेस्टेरॉल वर आहे त्यांनी माझ्या ताटात डोकावू नये.) जवसाची चटणी मी तेलात कालवून खातो. सकाळी पोह्यांऐवजी बेसनाचं धिरडं किंवा दोन अंडी. वरण वाटीत चमचा उभा राहील इतकं घट्ट आणि ते दोन वाट्या. भाकर एकच, आणि ती आधी नाही. आधी भाजी आणि वरण पोटात जातं, भाकर मागून. या क्रमानं जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे तपासून पाहिलेलं आहे. ज्याची किडनी बिघडलेली आहे त्यानं मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरला विचारावं.

आता भाकरीवर थोडं बोलतो, म्हणजे उरलेसुरले मित्रही तुटतील. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि ज्वारीला 'श्रीअन्न' म्हणून पाटावर बसवलं. तेव्हापासून आमच्याकडे जो तो साखरवाल्याला सांगतो, "पोयी सोडा, भाकर खा, कितीबी खा." कितीबी? शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हाइतकीच. ज्वारीत तंतू आहेत, ती सावकाश पचते, मला ती आवडते. तरी चार भाकरी म्हणजे चार भाकरीच. आयसीएमआर आणि चेन्नईच्या संशोधकांनी एक लाख एकवीस हजार भारतीयांच्या ताटाचा हिशोब २०२५ साली मांडला. आपल्या ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. पांढऱ्या धान्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्यानं धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा काढून डाळी, दूध, अंडी, मासे यांना दिला तिथे तो कमी दिसला. म्हणजे पीठ बदलून भागत नाही, पिठाचा वाटाच कमी करावा लागतो. हे कटू आहे, विशेषतः ज्वारीची बिस्किटं विकणाऱ्यांना.

आणि संत्रं! शंभर ग्रॅम संत्र्यात साखर नऊ-दहा ग्रॅम, तंतूंसकट. दोन जेवणांच्या मध्ये एक आख्खं संत्रं सोलून फोडी खाल्ल्या तर माझ्या साखरेचं काही बिघडत नाही, हे मी ग्लुकोमीटरवर पाहिलं आहे. बिघडवतो तो रस. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात, चोथा गाळणीत राहतो, वर गाडीवाला साखर टाकतो. वरूड-मोर्शीत पाहुण्याला रस पाजणं म्हणजे मानपान, त्यामुळे नाही म्हटलं की तोंडं वाकडी होतात. होऊ द्या. ज्या तालुक्यात फळगळीनं बागेखाली सडा पडतो, तिथल्या माणसाला संत्रं बंद करून मारी बिस्किट लिहून देणारा माणूस मला बिस्किट कंपनीचा वाटतो, आरोग्यखात्याचा नाही.

व्यायामाची गत तशीच. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ साली त्यांची पोरं बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आली. दंड, बैठका, मल्लखांब या मातीत मुरलेले. आणि त्याच जिल्ह्यात साखरवाल्याला व्यायाम म्हणून एकच शब्द, 'चाला'. चालणं वाईट नाही, पण पाऊण तास तरातरा चाललो की माझ्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी जळतात आणि त्या पुन्हा भरून काढाव्या लागतात. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून नेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. आमच्या बांध्यात साखरेची ही कोठीच लहान. ती वाढवायची तर बैठका, दंड, वजन उचलणं हवं. बरं, खाल्लेली प्रथिनं अंगी लागायची तर तेही हवंच, नाहीतर वाढलेलं वजन पोटावरच येऊन बसतं.

इथवरचं सगळं माझ्यासारख्याला जमतं, कारण माझ्या घरी शेंगदाण्याचं पोतं आहे आणि अंड्याचा ट्रे आणायला पैसे आहेत. माझ्याच बागेत तोडणीला येणाऱ्या बाईचं काय? ती वीस-वीस किलोच्या क्रेट दिवसभर उचलते, तिला बैठका सांगायची कोणाची छाती आहे? तिला स्नायू कमवायला काम आहे, कमवलेलं टिकवायला जेवण नाही. तिच्या घरात येतं ते रेशन. १ जानेवारी २०२३ पासून माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट, म्हणजे गहू आणि तांदूळ. उपासमार टळली, हे मान्य करतो, आणि हे नाकारणारा माणूस उपाशी राहिलेला नसतो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये सांगितलं की धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त कॅलरी नकोत. ती संस्था केंद्राची, रेशनही केंद्राचं. एका दारातून धान्य कमी खा म्हणायचं आणि दुसऱ्या दारातून फक्त धान्यच द्यायचं! २०२० साली करोनात कुटुंबाला महिन्याला किलोभर कडधान्य दिलं होतं. म्हणजे देता येत होतं. आपत्ती सरली तसं ते गेलं.

राज्यानं काय केलं? २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' आणला. त्यात किलोभर रवा, किलोभर साखर, लिटरभर पामतेल, किलोभर चणाडाळ. चारांतली एक वस्तू कामाची. सणाला गोडधोड हवं, त्याला माझी ना नाही, माझ्या घरीही करंज्या होतात. पण गरिबाचा आनंद म्हणजे साखर आणि रवा, हे कोणत्या तज्ज्ञानं ठरवलं? नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. त्या एका अंड्यावरून संस्कृती बुडाल्याची ओरड झाली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं की लोकवर्गणीतून काय ते करा. जी पोरं उद्या माझ्यासारखी बारीक अंगाची आणि साखरेच्या उंबरठ्यावरची होणार, त्यांच्या ताटातलं सहा ग्रॅम प्रथिन वर्गणीवर टाकलं गेलं.

आणि हे कुठे? तर वऱ्हाडात. दर्यापूरच्या काळ्या मातीत तूर, अकोल्यात डाळमिला, जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. आमचं सोयाबीन पिळून तेल निघतं आणि प्रथिनानं भरलेली ढेप कोंबड्या खातात. तुरीचा भाव पडला की शेतकरी रडतो, चढला की मजुराच्या घरचं वरण पातळ होतं. सरकार हमीभावानं तूर घेतं. ती गोदामात ठेवण्याऐवजी अमरावती-अकोल्याच्या रेशन दुकानात कुटुंबामागे दोन किलो का देत नाहीत, हा प्रश्न मी तहसीलच्या बैठकीत विचारला. साहेब सभ्य होते, चहा पाजला, त्यात दोन चमचे साखर होती. म्हणाले, "सूचना चांगली आहे भाऊ, पण निधी नाही ना."

साखरेला होता.